पखवाजाची थाप आणि ‘जड’ स्पीकर

भजनी मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: “हेडफोनचा पडदा हलका, म्हणून त्यात थाप झटकन उठते. पंधरा इंची स्पीकरचा कोन (हवा ढकलणारा पुढचा पडदा) जड, तो सुस्तच. शिवाय हेडफोन कानालाच लागलेला, आवाज आधी पोचतो, ठोकाही जास्त लागतो. पखवाज ऐकावा तर हेडफोनवरच.” कुडाळ-कणकवली पट्ट्यात मी डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, साउंड लावतो. यातलं बहुतेक चुकीचं आहे.

आधी वजन. कोन जड असला तर तेवढ्याच वॉटमध्ये आवाज कमी निघतो. थाप उशिरा उठत नाही. थापेची धार काही हजार हर्ट्झच्या आवाजात असते आणि तिथे मोठा वाटा हॉर्नचा, म्हणजे बॉक्समधल्या बारीक आवाजाच्या भोंग्याचा. ८० हर्ट्झच्या बेसची एक लहर पुरी व्हायलाच साडेबारा मिलिसेकंद लागतात, पडदा कितीही हलका लावा. उलट १५ इंची कोनाचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या साधारण साडेतीनपट, म्हणून तेवढीच हवा ढकलायला त्याला पुष्कळ कमी हलावं लागतं. लहान स्पीकर ताणला की आवाज फाटतो आणि थाप चेपते.

मग घरात स्पीकर सुस्त का वाटतो? घरामुळे. जांभ्याच्या भिंती, खाली लादी, साडेतीन मीटर लांबीचं माजघर. एवढ्या लांबीत ५० हर्ट्झच्या आसपासचा बेस दोन भिंतींमध्ये अडकतो आणि थाप संपली तरी घुमत राहतो. त्या घुमाऱ्यावर पुढचा बोल पडतो, मग सगळंच गिचमिड. खरं वाटत नसेल तर तोच बॉक्स उचलून खळ्यात, घरापुढच्या उघड्या अंगणात, ठेवा आणि तेच भजन लावा. कोन तोच, वजन तेच, पण बोल सुटे-सुटे ऐकू येतील. चतुर्थीत जागा नसते म्हणून बॉक्स मखराच्या बाजूला कोपऱ्यात सारतात. तिथे दोन भिंती आणि जमीन मिळून बेस आणखी फुगवतात. मी मिक्सरला हात लावण्याआधी बॉक्स दीडेक हात पुढे ओढतो. हेडफोनला खोलीच नसते, म्हणून तो स्वच्छ वाटतो. मजकूर लिहिणाऱ्याने ऐकलं ते बरोबर, पण कारण पडद्याच्या माथी मारलं.

“आधी पोचतो” हेही तसंच. तीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज सुमारे ९ मिलिसेकंदांनी येतो, पण सगळाच तेवढा उशिरा येतो; थापेचा आकार बदलत नाही. तो बिघडतो हॉर्न आणि वूफर (बेसचा मोठा स्पीकर) मागेपुढे असले तर: ३४ सेंटीमीटरचा फरक म्हणजे एक मिलिसेकंद. म्हणून वेगवेगळे बॉक्स रचताना ते नीट जुळवावे लागतात. आणि ब्लूटूथ हेडफोन तर बऱ्याचदा १०० मिलिसेकंद किंवा त्याहून मागे असतो.

राहिला ठोका. हेडफोन हवा हलवतो ती कानापुरती. मंडपात गजराला पखवाज चढतो तेव्हा डाव्या पुडीची घुमक छातीवर येते, बसल्या बाकाला जाणवते. कान आणि अंग दोन्हीकडून एकाच वेळी आलेला तो धक्का आपल्याला एकच ठोका वाटतो. तेच रेकॉर्डिंग हेडफोनवर बारीक ऐकू येतं, अंगावर येत नाही.

झांजेची किणकिण, बुवांचा श्वास, माइकची खरखर शोधायला मीही हेडफोनच लावतो. पखवाजाचा आवाज बसवताना मात्र तो काढतो आणि मंडपात मधोमध जाऊन उभा राहतो.