सोफा-कम-बेडची रोजची कटकट

वैताग आलाय! धायरीतला वन बीएचके, सासूबाई गावाहून आल्या की हॉलमध्येच झोपतात, म्हणून हा सोफा-कम-बेड घेतला. स्वस्त आणि देखणा. देखणा आहेच. पण रोज रात्री टीपॉय सरकवा, उशा काढा, पाठ पुढे ओढून 'खट्' वाजेपर्यंत धरा, मग मागे पाडा. डावीकडचा खटका लागतच नाही. आणि मधली ती फट! पाठ आणि बैठक जुळतात तिथेच नेमकी कंबर येते. सासूबाई तक्रार करत नाहीत, नुसत्या कमरेवर हात ठेवून उठतात. फार वाईट वाटतं हो.

दुकानात कापडाचे रंग ढीगभर दाखवले. फोमची डेन्सिटी विचारली तर म्हणे, "मॅडम, एकदम सॉफ्ट आहे." अहो, मऊपणा वेगळा, घनता वेगळी! घनमीटरला १८ किलोचा फोम आणि ३२ किलोचा फोम, नवे असताना हाताला सारखेच वाटू शकतात. हलका मात्र लवकर दबतो. आमचा दबलाच. त्यात खालचा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा चिकटवून, दाबून केलेला) पावसाळ्यात ओल धरून फुगला, बिजागरीचे स्क्रू नुसते गोल फिरतात. सुतार म्हणाला, "ताई, प्लाय असता तर धरलं असतं." हे विकताना का नाही सांगत कुणी?