पंप ओढत नाही, म्हणून माणूस उतरतो

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला चेंबर तुंबला. घाण पाणी दोन घरांच्या उंबऱ्याला लागलं. दोन दिवस फोन करून मैला ओढायची गाडी आली. टाकी गंजलेली, पाईपला सायकलची ट्यूब गुंडाळून वर तार आवळलेली. तासभर इंजिन रेस केलं तरी व्हॅक्यूमचा, म्हणजे पंपाची ओढ दाखवणारा, काटा वर चढेना. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, पंपच ओढंना झालाय बघा."

आणि त्याच्याबरोबरचा पोरगा, तेवीस-चोवीसचा असेल, शर्ट काढून चेंबरच्या कडेला बसला आणि पाय आत सोडले. मी दंडाला धरून त्याला मागं ओढलं. गल्लीतलेच दोघं-तिघं म्हणाले, "उतरू दे की, पाच मिनटाचं काम हाय." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ड्रायव्हर आणि पोरगा दोघंही कंत्राटी आहेत. उद्या त्यांच्याच पोटावर पाय यायचा.

मी तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामात काढली, म्हणून त्या गाडीचं दुखणं मला दिसलं. अशा बऱ्याच गाड्यांच्या पंपात रोटरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाच्या, खाचांत सरकणाऱ्या पट्ट्या असतात. आम्ही त्यांना व्हेन म्हणतो. त्या झिजल्या, ऑइल वेळेवर पडलं नाही, टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं, की हवा गळते. पंप फिरतो, आवाजही करतो, पण ओढत नाही. जेटिंगचं, म्हणजे जोराच्या पाण्यानं गाळ फोडायचं, तसंच. हाय प्रेशर पंपाचे सील गेले की पाण्याला जोर राहत नाही आणि तळाला घट्ट बसलेला गाळ जागचा हलत नाही. पण गाडी रस्त्यावर चालते ना! मग रजिस्टरमध्ये ती 'चालू' असते. गाडी चालते का हे सगळे विचारतात, ती ओढते का हे कुणी विचारत नाही. पंप मेला की त्याचं उरलेलं काम माणसाच्या हातावर येतं.

चेंबरच्या तळाला हायड्रोजन सल्फाइड असतो, हवेपेक्षा जड. वास आला की बाहेर येऊ, असं उतरणाऱ्याला वाटतं. पण हा वायू वाढला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. एकाच चेंबरमध्ये दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या अशा घडतात.

2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना 30 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करायचा केंद्राचा नियम आहे, नगरपालिका-महापालिकांच्या गाड्याही त्यात येतात. म्हणजे जुनी गाडी काढायचा आधार कागदावर आहे. पण जुनी भंगारात गेली आणि नवी आलीच नाही, तर चेंबर तुंबायचा थांबणार आहे का? मग खासगी टँकर बोलवायचा, आणि तो मैला कुठल्या ओढ्यात ओतला हे विचारायचं नाही. बेळगावच्या शहापूर-वडगाव शिवारातल्या शेतकऱ्यांना सांडपाण्याच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात घुसल्यावर काय होतं ते विचारा.

नवी गाडी घेताना नुसती मोठी घेऊ नका. आपल्या जुन्या गल्ल्यांत मोठा टँकर शिरत नाही. मग लांबून पाईप जोडत आणावा लागतो, आणि प्रत्येक जोडाला व्हॅक्यूम गळतो. लहान चासीची एक गाडी गल्लीसाठी हवीच. टेंडरमध्येच देखभालीचा करार, सुटे भाग आणि ड्रायव्हरचं प्रशिक्षण धरा. बेळगावात हायड्रॉलिकचे एवढे कारखाने असताना एका सीलसाठी गाडी महिनाभर उभी राहते, हे मला सहन होत नाही. आणि जुन्या गाडीची जागा घ्यायला दर वर्षी थोडी रक्कम बाजूला काढा, म्हणजे पंधराव्या वर्षी हात पसरावे लागणार नाहीत.

नगरपालिका-महापालिकांच्या बजेटच्या आधी बैठका होतात. कागद कन्नडमध्ये असतात म्हणून आपल्यातले बरेच जण तिकडे फिरकत नाहीत. कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याकडून वाचून घ्या, ते आनंदाने सांगतात. मी यंदा जाणार आहे आणि दोनच प्रश्न विचारणार आहे: गाडी कुठल्या सालची, आणि काटा किती चढतो? कोण येतंय बरोबर, खाली लिहा.