तेरेश्कोवांना एका ओळीत उरकू नका

तुमचा लेख चांगला आहे, पण त्यात अंतराळात गेलेल्या जगातल्या पहिल्या महिला, सोव्हिएत अंतराळवीर व्हॅलेंटिना तेरेश्कोवा यांना ‘प्रचारासाठी निवडलेली गिरणी कामगार’ म्हणून एका ओळीत उरकलंय, ते पटलं नाही. प्रचार होताच, नाकारत नाही. पण वोस्तोक या त्यांच्या सोव्हिएत यानाचे अंतराळवीर यानासकट जमिनीवर उतरत नसत. सुमारे ७ किलोमीटर उंचीवर आसनासह बाहेर फेकले जाऊन पॅराशूटने खाली यावं लागे. म्हणून पॅराशूटच्या उड्या शिकलेली मुलगीच हवी होती, आणि तेरेश्कोवा त्या रशियातल्या यारोस्लाव्हलच्या क्लबात शिकल्या होत्या. वडील युद्धात गेलेले, आई गिरणीत, स्वतःही गिरणीत, आणि त्यातून हा छंद! मला याचंच जास्त अप्रूप वाटतं.

१६ जून १९६३ ला उड्डाण, ४८ प्रदक्षिणा, जवळपास ७१ तास. अमेरिकेच्या मर्क्युरी यानांतून गेलेल्या सहाही जणांचे तास एकत्र केले तरी एवढे भरत नाहीत. शिवाय यानाच्या दिशानियंत्रणात चूक होती. खाली येण्याऐवजी ते आणखी वरच्या कक्षेत गेलं असतं. हे बाईंनीच कळवलं, मग दुरुस्ती झाली. सोव्हिएत यानांचे मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांनी विनंती केली म्हणून पुढे कितीतरी वर्षं त्यांनी याची वाच्यताही केली नाही.

त्यांच्यासोबत तयारी केलेल्या चौघींपैकी मात्र एकीलाही अंतराळात जाता आलं नाही. १९६९ मध्ये ती तुकडीच मोडली. पुढची महिला, स्वेतलाना साव्हित्स्काया, थेट १९८२ मध्ये गेल्या. त्या चौघींवर सविस्तर लिहाल का?