इथं ‘आय’ नाही

नाटकाला निघताना शर्टाचं बटण तुटलं, वाटेत गाडी पंक्चर झाली. मोबाईल १ टक्क्यावर आला तेव्हा रांगेतल्या एकाचं पेन मागून तळहातावर ‘एल-१२’ लिहून घेतलं. दारावर तिकीट दाखवलं आणि मोबाईलनं मान टाकली.

आत गेलो तर माझ्या खुर्चीत एक गृहस्थ.

“तिकीट?” त्यांनीच मला विचारलं.

मी हात पुढे केला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो असा निरखला, की आता परदेशगमनाचा योग सांगतात की काय!

“हे तिकीट? असं मीही लिहीन.” मग स्वतःचं छापील तिकीट नाचवत, “के-१२. के म्हणजे अकरावं अक्षर, ही अकरावी ओळ. मोजा!”

ओळीच्या टोकाला अक्षराची पट्टी असते. आमच्या ओळीची गळून तिथं नुसती दोन भोकं उरली होती. त्यामुळे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. दोनदा. दुसऱ्या वेळी मागच्या दोन बायकाही सुरात ‘एफ, जी, एच’ म्हणू लागल्या. मीही मोजलं. अकराच! हातावरचा एल घामानं फिसकटलेला. माझा त्याच्यावरचा विश्वास उडत चालला.

शेवटी टॉर्चवाला आला. “साहेब, इथं आय नाही.”

“आय नाही म्हणजे?”

“एकासारखी दिसते, म्हणून गाळतात. एचनंतर डायरेक जे. ओ पण नाही, तो शून्य वाटतो.”

जिथं आय नाही आणि हाकेला ओ नाही, तिथं माणसानं दाद मागायची कुणाकडे? बऱ्याच नाट्यगृहांत ही अक्षरं गाळतात म्हणे. गाळा बापडे, पण पट्टी लावायला दोन स्क्रू लागतात हो! ऑनलाइन तिकिटावरचा वरचा आकार लावायला बरा कुणी विसरत नाही.

तिसरी घंटा झाली. गृहस्थ उठले, पिशवी, बाटली, मफलर असा संसार गोळा करत बरोब्बर माझ्यापुढच्या खुर्चीत स्थिरावले. डोळे अंधाराला पुरते सरावायला २०-३० मिनिटं लागतात. हे दर पाचव्या मिनिटाला मोबाईल उघडून माझे डोळे पुन्हा पहिलीत बसवत होते. पहिला अंक मी नाटकापेक्षा त्यांच्या घरच्या ग्रुपवरचा जास्त पाहिला. कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय.

दुसऱ्या अंकात रंगमंचावरच्या बाईंनी टेबलावरचे दोन कप उचलले. एक पुसला. दुसरा पुसायला घेतला आणि थांबल्या. संवाद नाही, संगीत नाही, नुसतं ओलं फडकं हातात. कुणी खोकलंसुद्धा नाही. पुढचा मोबाईलही मिटला. मी गृहस्थांच्या डाव्या कानावरून मान तिरकी करून बघत होतो. ती अवघडल्याचं कळलं ते थेट पडदा पडल्यावर.

टाळ्या वाजवता वाजवता ते मागं वळले. डोळे ओले. मला वाटलं, त्या कपाबद्दल काही बोलतील.

“पण आय असती ना,” ते म्हणाले, “तर मी बरोबर होतो.”