जायकवाडीचं भांडण ऑक्टोबरातच का आठवतं?

गोदावरीवरचं पैठणचं हे धरण भरलं की सगळे गप्प, आणि पावसाने ओढ दिली की लगेच वरच्या अंगाची धरणं असलेले नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा सुरू, व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. मी मराठवाड्यातला, त्यामुळे कोणाच्या बाजूने बोलणार ते ओळखलंच असेल.

1965ला शास्त्रीजींनी पायाभरणी केली, 1976ला इंदिराजींच्या हस्ते उद्घाटन. मधे 1975ला आंध्रशी करार झाला की पैठणपर्यंतचं गोदावरीचं पाणी महाराष्ट्राने वापरायचं. म्हणजे भांडायला बाहेरचं कोणी नाहीच, सगळे घरचेच! दारणा, भंडारदरा इंग्रजांच्या काळातली, त्यांचा वापर जुना, मान्य. पण जायकवाडी झाल्यावरही वर धरणं बांधणं चालूच राहिलं आणि खाली जायकवाडीतला 76 टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) उपयुक्त साठा भरायचा कशाने तर ती भरून उरलेल्या पाण्याने.

2005चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला, समन्यायी वाटप आलं, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांनी तूट वाटून घ्यायची. ते कसं करायचं यासाठीच्या मेंढेगिरी समितीचं सूत्र असं की खरिपाचा वापर धरून 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के नसेल तर वरून सोडायचं. ही तारीखच मला पटत नाही. 2023ला 30 ऑक्टोबरला 8.6 टीएमसीचा आदेश निघाला, मग कोर्टकचेरी, आंदोलनं, पाणी निघेपर्यंत नोव्हेंबर संपत आला. तोवर पात्र कोरडंठाक. आधी कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढा, काठच्या मोटारींची लाईट तोडा, पोलीस लावा, एवढं करून वाळू पिते ते वेगळंच आणि काठच्या शेतकऱ्याच्या डोळ्यादेखत पाणी जातं, पण त्याला उभ्या पिकाला द्यायची सोय नाही, तो आम्हाला शिव्या देणार नाही तर काय करणार.

हेच ऑगस्ट-सप्टेंबरात, नदी वाहती असताना थोडं थोडं का सोडत नाही? वरचे म्हणतात पुढे पाऊस नाही आला तर? बरोबरे, पण तो जुगार आम्ही दरवर्षी खेळतोच की, थोडा तुम्हीपण खेळा.

आता आपल्याच लोकांना, राग आला तरी चालेल. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पसरट, उन्हाळ्यात बाष्पीभवनातच केवढं पाणी उडून जातं, आणि उरलेल्यावर डाव्या कालव्याला वरच्या अंगाला उसाचे फड. कालवा 208 किमीचा, परभणीकडचा टेलवाला, म्हणजे कालव्याच्या शेवटचा शेतकरी, आवर्तनाची (पाणी सुटण्याच्या पाळीची) वाट बघत बसतो, त्याचं पाणी काही नाशिकने अडवलेलं नाही. वरच्यांकडून हक्काचं मागायचंच, पण पाणी आलं की पहिलं आवर्तन टेलपासून सुरू करा ना!