अकरा महिने म्हणजे नक्की कधी?

दादरच्या आमच्या ऑफिसात भाडेकरार बनवायचं काम माझ्याकडे आहे. मुंबईत बहुतेक करार अकरा महिन्यांचे, म्हणजे ही कटकट रोजचीच. 31 मार्च 2025 ला अकरा महिने मिळवा, येईल 31 फेब्रुवारी. आहे का अशी तारीख? एक्सेलचं ईडेट सूत्र 28 फेब्रुवारी 2026 सांगतं. आमच्या वेबसाइटवरचा जावास्क्रिप्टचा कोड तीन दिवस पुढे ढकलून 3 मार्च दाखवतो. आणि एजंट महिन्याचे सरसकट तीस दिवस धरून 24 फेब्रुवारीवर अडून बसतो. अहो, 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये महिना म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना असं स्पष्ट लिहिलंय, तीस दिवस आणले कुठून?

उलटही जुळत नाही. 31 जानेवारीत महिना मिळवून 28 फेब्रुवारी, त्यातून महिना वजा केला की 28 जानेवारी. तीन दिवस गेले कुठे?

यात भाडेकरूचे हाल होतात. सामान बांधून, टेम्पो ठरवून बसलेल्या माणसाला आयत्या वेळी ‘तारीख चुकली’ सांगताना जीव तुटतो माझा. करारात शेवटची तारीख सरळ आकड्यांत लिहा, एवढंच म्हणते मी!