सेम टू सेम म्हणे!

जायरो, म्हणजे डोक्यावर मोकळ्या फिरणाऱ्या रोटरवर उडणारं छोटं विमान, बांधायला घ्या आणि नागपूरच्या लोहाओळीत जाऊन पाव इंची एएन-4, म्हणजे विमानाच्या दर्जाचा बोल्ट, मागून बघा. दुकानदार मान वर न करता डब्यात हात घालतो, मूठभर एम-6, म्हणजे 6 मिलिमीटरचे साधे बोल्ट, काढतो आणि तराजूत टाकतो. तराजूत! "सेम टू सेम आहे भाऊ, काऊन टेन्शन घेऊन राहिले?" अरे, कुठून सेम? पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर आणि तुझा 6. मधली 0.35 ची फट काय फेव्हिकॉलने भरायची? जिन्याच्या कठड्याला ती खपून जाते. जायरोच्या मास्टला, म्हणजे रोटर पेलणाऱ्या खांबाला, नाही खपत. दोन पात्यांचा रोटर मिनिटाला साडेतीनशे फेरे धरला तर तासाला 21 हजार होतात, आणि दर फेऱ्याला दोन हादरे. फटीत बोल्ट ठोके देत राहतो, अ‍ॅल्युमिनियमचं भोक लांबट होतं, मग नट कितीही आवळा, ते परत गोल होत नाही. 5/16 इंची बोल्टची तऱ्हा उलटी. तिथे भोक 7.94 चं, 8 मिलिमीटरचा एम-8 बहुधा अडकतो. लगेच लेथवाला ड्रिल घेऊन तयार: "मोठं करून देतो ना!"

मापाचं सोडा, दांडा तरी बघा. जिथे दोन भाग एकमेकांवर सरकायला बघतात, तिथे बोल्टचा दांडा गुळगुळीतच हवा. आटे भोकाच्या बाहेर सुरू व्हायला हवेत आणि उरलेली लांबी वायसरने भरायची. बाजारात मिळतात ते डोक्यापर्यंत आट्यांचे. ते भोकाला कानशीसारखे खातात आणि भेगही आट्याच्या खाचेतूनच सुरू होते. 8.8 ग्रेडच्या बाजारी बोल्टची ताकद 800 मेगापास्कल, एएनची साधारण 860, म्हणून "जवळजवळ तेवढंच" म्हणणारे विद्वान भेटतात. कागदावर बरोबर आहे हो. पण डोक्यावर 8.8 चा शिक्काच नसेल तर ते 8.8 आहे हे सांगितलं कोणी? बिलावर ग्रेड लिहून मागा, "हार्डवेअर सामान" एवढंच लिहून मिळतं.

काही महाभाग चकाकणारा स्टेनलेस घेऊन येतात. ए2-70 ग्रेडचा स्टेनलेस बोल्ट 450 मेगापास्कललाच कायमचा ताणला जातो, पण दिसतो ना भारी! त्याहून घातक म्हणजे 12.9 ग्रेडचे कडक अ‍ॅलन बोल्ट स्थानिक प्लेटिंगवाल्याकडून चमकवून आणणं. एवढ्या कडक पोलादात प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो. लगेच भट्टीत तापवून तो काढला नाही, तर बोल्ट काही दिवसांनी उभ्या उभ्या तुटतो, आधी वाकूनही दाखवत नाही.

चौकोनी पाइपचं तेच रडगाणं. मागायचा 6061-टी6 अ‍ॅल्युमिनियमचा, मिळतो खिडक्यांचा 6063. आणि फ्रेमचा सांधा दिसला की वेल्डरचे हात शिवशिवतात. टी6 ची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. वेल्ड मारला की आजूबाजूची ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणून तर ही फ्रेम बोल्टने जोडतात, बाप्पा!

नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हाताने फिरायला लागला की फेकायचा, पुन्हा लावायचा नाही. जो बोल्ट फिरतो किंवा डुलतो, म्हणजे रोटर ज्यावर डुलतो तो टीटर बोल्ट, कंट्रोल रॉडचे सांधे, तिथे खाचांचा कॅसल नट आणि स्प्लिट पिनच. बांधायची तार नाही. पाव इंची बोल्ट आवळायला 6 ते 8 न्यूटन-मीटर पुरतात. हा जोर मोजणारा टॉर्क पाना मागितला की मात्र फूटभर पाना पुढे येतो आणि वर ऐकवतात, "हाताला अंदाज आहे."

पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जायरोच्या रोटॅक्स 582 इंजिनला ई10 ची, म्हणजे 10 टक्क्यांची मर्यादा. "गाड्या चालून राहिल्या ना सगळ्या?" चालतात. बंद पडल्या की कडेला लावता येतात.

आणि मे महिन्यात भर दुपारी "उडवून दाखवा ना" म्हणणारे! नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर. 45 अंशांत हवा इतकी विरळ होते की इंजिनला आपण पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. ताकद घटते, प्रोपेलरची पकड सुटते, रोटरला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि जमीन सुटायला लागणारी धाव भलतीच वाढते. शेवटची झाडं मात्र असतात तिथेच. पहाटे सहाला या म्हटलं की यातला एकही फिरकत नाही.